गाडीत परकं कुणी नको

गाडी चालवताना मला झोप कधी आली नाही, स्वप्नं मात्र भरपूर पडली. सकाळी पेणहून निघालं की वडखळच्या धुरळ्यापर्यंत मी शुद्धीवर असायचे. नागोठणं मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना भात सुरू झालं की हात स्टिअरिंगवर, पाय आपापल्या जागी आणि मी भलतीकडेच. रोहा आलं की जागी व्हायचे. मधल्या रस्त्यात काय काय बघितलं ते विचारलं तर सगळं सांगता यायचं, फक्त गाडी कुणी चालवली ते आठवायचं नाही.

या अंकाच्या संपादकांनी मला भाताच्या वाणांवर लिहायला सांगितलं होतं. वाणांवर लिहिणारे पुष्कळ शहाणे लोक आहेत. मी गाडीवर लिहिते.

आधी कामाचं सांगते. मी एका बियाणे कंपनीत होते. दुकानात पिशवीतून जे भाताचं बी मिळतं, ते आधी कुणाच्या तरी शेतात पिकवून घ्यावं लागतं. पेण आणि रोहा तालुक्यांतले काही शेतकरी कंपनीसाठी बी पिकवायचे आणि ते बी शुद्ध आहे की नाही हे बघायला मी. भात निसवलं, म्हणजे लोंब्या बाहेर पडल्या, की खाचरात उतरायचं आणि ओळीओळीने चालत जे रोप चारचौघांसारखं नाही ते मुळासकट उपटायचं. एखादं वीतभर उंच असतं, एखाद्याचा बुडखा जांभळा असतो, एखाद्याच्या दाण्याला लांब कुसळ असतं. याला भेसळ काढणं म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं. भाद्रपदातल्या उन्हात हिरव्यात हिरवं शोधून बघा, मग कळेल.

त्या कामाला एक गुंगी असते. पोटरीपर्यंत कोमट पाणी, कमरेपर्यंत भात, वर आभाळ. तासाभराने आपण चालतोय की भात चालतंय तेच कळेनासं होतं. पगार मिळायचा म्हणून सांगते, नाहीतर हे काम आहे असं मी कुणाला पटवू शकले नसते.

कंपनीने गाडी कधीच दिली नाही. गाडी माझी, पेट्रोलचा खर्च कंपनीचा, आणि दोघांच्या मधे किलोमीटर नावाचं भांडण. पुण्याच्या ऑफिसातला नकाशा पेण ते गागोदे बुद्रुक सरळ मोजायचा. नकाशाला वाटायचं, मॅडम निघाल्या, शेतावर पोचल्या, परत आल्या. गागोद्याला दोन भावांची खाचरं शेजारी, घरं गावाच्या दोन टोकांना आणि बोलणं बंद. एकाकडे चहा घेतला की दुसऱ्याकडे घ्यावाच लागायचा, आणि तोही गाडी घेऊन. एकदा मी चालत गेले तर धाकट्याची बायको दारातच म्हणाली, "थोरल्यांकडं गाडीनं, नि आमच्याकडं चालत? आमचा चहा हलका हाय काय गो?" तेव्हापासून मी गाडी फिरवून न्यायला लागले. फॉर्मवर कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते सुचेना, म्हणून मी खरं तेच लिहिलं: चहा. ऑफिसातून फोन आला. मी म्हटलं, पहिल्या घरचा चहा कंपनीच्या कामाचा आणि दुसऱ्या घरचा माझा खाजगी, असं कसं म्हणता येईल? दुसऱ्या घरचा घेतला नाही तर पुढल्या वर्षी एकच खाचर उरेल. ते किलोमीटर मंजूर झाले. मी घरी पेढे नेले.

जोह्याची गोष्ट तर ऑफिसात बरीच वर्षं सांगत होते म्हणे. वैशाखात बी वाटायला मी तिकडे गेले होते. जोहे हे गणपतींचं गाव. कारखान्यांच्या दारातून, अंगणातून, रस्त्याच्या कडेने पांढऱ्याशुभ्र मूर्ती उन्हात वाळत ठेवलेल्या होत्या. पुढे एक टेम्पो अडकला, मागून एसटी आली आणि मी मधे. उतरून काही उपयोग नव्हता, म्हणून काच खाली करून बसले. रंग नाही, डोळे आखलेले नाहीत, असे शेकडो गणपती माझ्याकडे तोंड करून. वाऱ्याने जरा हलल्यासारखे वाटायचे, मग पुन्हा स्थिर. मला वाटलं, हे सगळे झोपलेत आणि आपण पाऊल न वाजवता थांबायचंय. किती वेळ गेला देव जाणे. मग फोन वाजला. मोबाइलवरून गाडी कुठे आहे ते ऑफिसात दिसायचं, आणि माझा ठिपका दोन तास हलला नव्हता.

"मॅडम, गाडी बंद पडली का?"

"नाही हो. गणपती वाळतायत."



आता गाडीतल्या माणसांकडे येते, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे. आमच्या भागात रिकामी गाडी नेणं म्हणजे भरलं ताट टाकून उठण्यासारखं आहे. फाट्यावर कुणी हात केला की थांबायचं, हा काही नियम नाही, पण न थांबणाऱ्याचं नाव संध्याकाळपर्यंत चार गावांत होतं. माझ्या गाडीतून शाळेचे मास्तर गेले, बाळंतीण गेली, एकदा बोकड गेला. पण हक्काने बसायची ती ठमाबाय.

ठमाबाय महामार्गावरच्या खांब गावाच्या आतल्या अंगाला राहायची. माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठी, गुडघ्याने अधू आणि जिभेने धड. भात काढलं की त्याच ओलीवर वाल पेरायची आणि शेंगांचं बोचकं घेऊन रोह्याच्या बाजाराला निघायची. भेसळ काढायचं मी पुस्तकात शिकले होते, पण बघायला तिने शिकवलं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी खाचरात वाकून एकेक रोप तपासत होते. ती बांधावरून ओरडली, "खाली नको बघूस गो बाय! वरती बघ. वारा आला म्हंजी जो येगळा डुलंल, तो येगळा." तिचं खरं होतं. सगळं भात एका लयीत वाकायचं आणि उपरं रोप अर्धा क्षण मागे राहायचं.

गाडीत बसली की ती बोलायची आणि मी ऐकायचे. कुणाच्या खाचरात करपा दिसला, कुणी कंपनीचं बी कमी पडलं म्हणून घरचं मिसळलं, कुणाचा बांध फुटून शेजारचं पाणी आत आलं. खांब ते रोहा या प्रवासात मला जे कळायचं ते महिनाभर फिरून कळलं नसतं. उतरताना ती सीटवर मूठभर शेंगा नाहीतर एखादी काकडी ठेवायची. मी नको म्हणायचे, ती ऐकायची नाही. हा आमचा व्यवहार वीस वर्षं चालला आणि त्याला व्यवहार म्हणायचं आम्हा दोघींनाही कधी सुचलं नाही.

नोकरीची शेवटची चारेक वर्षं राहिली असतील. गाडी म्हातारी झाली. महामार्गाचं काम चालू, आज इकडून वळण, उद्या तिकडून. खड्ड्यांनी गाडीचे सांधे ढिले केले. माझा नवरा पेणमध्ये गणित शिकवायचा. त्याने एका रविवारी हिशेब मांडून दाखवला की कंपनी देते त्यात पेट्रोल निघतं, गाडी निघत नाही. "तू नोकरी करत नाहीस," तो म्हणाला, "तू कंपनीला गाडी दान करतेयस." त्याचं म्हणणं खोडता येईना. नवी गाडी घ्यायची ऐपत नव्हती. ही गाडी गेली की माझी गावं गेली, कारण एसटीने ती खाचरं होत नाहीत. मग मला पेणच्या गोदामात बसवतील, पिशव्या मोजायला. त्या विचाराने मला खरोखर रडू यायचं.

म्हणून मी कंपनीकडे दर वाढवून मागितला. पत्रं लिहिली, टायरचे फोटो पाठवले. शेवटी नवा करार आला आणि तो मी मागितल्याहून चांगला होता. दर वाढवलेला, सर्व्हिसिंग आणि टायर कंपनीकडे, विम्यातही वाटा. एकच अट होती. काचेला एक यंत्र बसवायचं, बाहेर आणि आत दोन्हीकडे बघणारं, आणि कामाच्या वेळेत गाडीत परकी व्यक्ती घ्यायची नाही.

मी आमच्या सातपुते साहेबांना फोन केला. हे पुण्याचे विभागीय व्यवस्थापक, वयाने माझ्याहून लहान, सज्जन माणूस. मी म्हटलं, "सही करते, पण आधी एक दिवस माझ्या गाडीतून या."

ते आले. दिवस सुंदर होता. पहाटे पाऊस पडून गेला होता, भात निसवलं होतं आणि डोंगरांवर ढग टेकले होते. नागोठण्यापुढे साहेबही बोलायचे थांबले आणि काचेबाहेर बघत राहिले. मला वाटलं, झालं, यांनाही गुंगी लागली. खांबला ठमाबायने हात केला. मागे बसली, बोचकं मांडीवर घेतलं आणि दोन सीटच्या मधून डोकं पुढे काढलं.

"हा कोन?"

"आमचे साहेब."

"साहेब व्हय? मंग साहेबांना सांग, कोलाडच्या अलीकडल्या तुमच्या खाचरात देवभात घुसलाय." देवभात म्हणजे रानभात. ते दाणा पिकायच्या आधीच गळतं आणि एकदा शिरलं की वर्षानुवर्षं निघत नाही.

ते खाचर आलं तेव्हा साहेबांनी गाडी थांबवायला सांगितली. उतरून बांधावर उभे राहिले आणि म्हणाले, "मला तर सगळं सारखंच दिसतंय." ठमाबाय गाडीतूनच म्हणाली, "वारा येऊ दे." वारा आला. मी साहेबांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी बोट उचललं, एक, मग दुसरं, मग तिसरं. पँट वर करून ते स्वतः चिखलात उतरले. परत आले तेव्हा हातात कुसळांच्या लोंब्या होत्या आणि ते शाळेच्या सहलीला आल्यासारखे हसत होते.

ठमाबायला रोह्याला सोडून आम्ही कुंडलिकेच्या काठाला गाडी लावली. पाणी संथ होतं. साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचं शंभर टक्के पटलं. आता माझं ऐका. उद्या गाडी ठोकली आणि ह्या बाईंना काही झालं, तर विमा कंपनी विचारेल, ह्या कोण. काय सांगू?"

"माझी माणसं आहेत म्हणून सांगा."

"फॉर्ममध्ये तसा रकाना नाही हो."

तेही खोटं नव्हतं. मग त्यांनीच वाट काढली. कंपनीच्या नियमात शेतकामाचा एक सहायक नेता येतो. त्याचं नाव, आधार कार्ड, अंगठा किंवा सही, रोजावर नोंद. ठमाबाईंचं नाव देऊ. त्यांना थोडे पैसेही मिळतील. मी इतकी खूश झाले की साहेबांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. इतक्या वर्षांच्या भांडाभांडीत इतका चांगला तोडगा मला कधी मिळाला नव्हता. परत येताना सगळा रस्ता मी मनात ठमाबायचा चेहरा रंगवत होते, तिला सांगितल्यावर तो कसा होईल त्याचा.

दुसऱ्या दिवशी फॉर्म घेऊन तिच्या अंगणात गेले. ती वालाचं बी निवडत होती. मी सगळं समजावून सांगितलं. तिने सुपातून मान वर केली नाही.

"म्हंजी मी तुझी गडी?"

"गडी नाही गं. सहायक."

"रोजावर?"

"हो, पैसे मिळतील की."

"इतकी वर्सं मी तुझ्या गाडीत बसत व्हते, ती कशी? रोजावर बसत व्हते?"

मी म्हटलं, "तसं नाही, हे फक्त कागदापुरतं." तेव्हा तिने वर बघितलं. रागावली नव्हती. एखादं लहान मूल काही वेडंवाकडं बोललं की आपण बघतो तसं बघितलं. "तू थांबत व्हतीस, मी बसत व्हते," ती म्हणाली. "त्याला कशाला अंगठा? जा बाय. कागद घरी ने."

आता लिहिताना मला माझी चूक लख्ख दिसते. त्या अंगणात फक्त लाज वाटली होती, आणि थोडा रागही आला होता, की एवढं भांडून आणलं आणि हिला त्याचं काही नाही. आमच्या गावांत एकमेकींच्या खाचरात लावणीला जातात, त्याची मजुरी कुणी काढत नाही. काढली तर ती बाई पुढच्या वर्षी बोलावूनही येत नाही. हे मला माहीत होतं. भेसळ ओळखण्याचा पगार घेणारी बाई मी, आणि स्वतःच्या हाताने कुठे काय मिसळतेय ते मला दिसलं नाही.

करारावर सही केली. गाडी वाचली, गावं वाचली. काचेवर यंत्र बसलं. त्याचा एक लाल दिवा होता, चिंचोक्याएवढा.

मार्गशीर्षात खांबला ठमाबाय दिसली. शेंगांचं बोचकं पायाशी, मान रस्त्याकडे. येणाऱ्या गाडीला तिने हात उचलला, मग गाडी माझी आहे हे तिला कळलं आणि हात तिथेच थांबला. मी ब्रेक दाबला नाही. फक्त वेग कमी केला. न थांबण्यापेक्षाही तो कमी केलेला वेग मला अजून बोचतो. आरशात बघितलं तर ती मागच्या मिनिडोरला, म्हणजे आमच्याकडच्या सहा सीटच्या रिक्षाला, हात करत होती.

त्यानंतर तिने माझ्या गाडीला हात केला नाही. मी येताना दिसले की ती वाकून बोचक्याची गाठ सोडायची आणि पुन्हा बांधायची. मला मान फिरवावी लागू नये म्हणून ती तसं करायची. तिचा तो मोठेपणा मला कळायचा. गाडी मात्र झकास पळत होती. नवे टायर, आत कुणी नाही, काच वर. बाहेर तेच भात, तेच ढग, पण स्वप्नं पडेनाशी झाली. शेतांची बातमीही कळेना. पुढच्याच हंगामात खांबजवळचं एक अख्खं खाचर देवभाताने बाद झालं. मला ते कळलं तेव्हा दाणे गळून गेले होते.

निवृत्त झाले त्या दिवशी ऑफिसच्या माणसाने यंत्र काढून नेलं. काचेवर त्याचा गोल डाग राहिला, तो रॉकेलने पुसला. गाडी आता नुसती माझी होती. आठवड्याभराने काही काम नसताना मी निघाले. वडखळ, नागोठणं, तोच रस्ता. खांबच्या थांब्यावर ठमाबाय उभी होती, वाळलेली, हातात काठी. मी गाडी तिच्या पायाशी नेऊन थांबवली आणि दार उघडलं.

"चल, ठमाबाय."

तिने आत डोकावून काचेकडे बघितलं. "ते गेलं?"

"गेलं. नोकरीच सुटली."

"बरं झालं," ती म्हणाली आणि बसली.

ती बोलायला लागली. कुणाची सून बाळंत झाली, कुणी खाचर विकलं, कुणाच्या वालावर मावा पडला. मी हूं हूं करत होते. ऊन कोवळं होतं. कोलाड कधी गेलं कळलं नाही. इतक्या वर्षांनी पुन्हा गाडी आपोआप चालली होती आणि मला वाटत होतं, मिटलं, सगळं मिटलं, मी उगीच मनाला लावून घेतलं होतं.

रोह्याच्या बाजाराशी गाडी थांबवली. ती काठी टेकत उतरली, बोचकं खाली घेतलं. मग पदराची गाठ सोडून तिने घडी घातलेल्या नोटा काढल्या आणि सीटवर ठेवल्या.

"हे काय गं?"

"भाडं. मिनिडोरवाला घेतो तेवढंच हाय. मोजून घे."

"माझ्या गाडीचं भाडं? तू?"

"मंग? गाडीत बसलं म्हंजी भाडं द्यायचं असतंय," ती म्हणाली. स्वरात राग नव्हता, टोमणाही नव्हता. असता तर मी भांडले असते, पाया पडले असते, काहीतरी केलं असतं. ती अगदी सरळ बोलली, माझ्या गालाला हात लावला आणि बोचकं डोक्यावर घेऊन गर्दीत शिरली.

चोवीस वर्षं मी गाडीचं भाडं मागत आले. पत्रं लिहून मागितलं, भांडून मागितलं. न मागता मिळालेलं हे एकच. नोटा हातात धरून मी गाडीतच बसून राहिले. मागून हॉर्न वाजत होते, तरी मला गाडी सुरू करता येईना.